सुकवणीचा तास

दर शनिवारी शिक्षकखोलीत चहा आला की आमच्या विज्ञानाच्या बाई विचारायच्या, "या आठवड्यात कोणाचा तास फसला?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचाच फसलेला तास सांगू लागायच्या. मी इंग्रजीची शिक्षिका, पाठांची टाचणवही वेळेवर भरणारी. असलं काही चारचौघांत बोलायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

पण हळूहळू मीही तोंड उघडलं. मुलींना पत्राचा नमुना पाठ होता, पत्र मात्र लिहिता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, "अहो, खरं पत्र द्या की लिहायला. कोणाची लिफ्ट बंद नाही?" पूनम सागर सोसायटीत राहणाऱ्या मुलींनी तिथल्या सेक्रेटरींना इंग्रजीत पत्र दिलं. ते चुकांसकट सूचनाफलकावर लागलं आणि लिफ्ट सुरू झाली.

एकदा उत्तनच्या कोळीवाड्यातून अनिताची आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. अनिता आठवीत होती. बोंबील सुकवण्याच्या दिवसांत ती निम्मा आठवडा गैरहजर असे.

"तुमी शिकवता त्याचा घरात काय उपेग हाय?" आईने विचारलं. "वाळत घालायला तरी ती कामाला येते."

मी शिक्षणाचं महत्त्व सांगू लागले. बाईंनी मला थांबवलं. "मावशी, दाखला उद्या घ्या. आज माझ्या वर्गात बसा. बाष्पीभवन शिकवायचंय, तुमच्या बोंबलावरूनच शिकवते."

मीही मागे जाऊन बसले. बाईंनी फळ्यावर बांबू काढले, बोंबील काढले, वर मोठा सूर्य काढला. "ऊन जितकं कडक, तितकं लवकर सुकणार," त्या म्हणाल्या.

"न्हाय," मागून आवाज आला. "वारा पायजे. वारा पडला का नुसत्या उन्हात बोंबील सडतो."

वर्ग हसला. अनिताने मान खाली घातली. बाईंनी खडू अनिताच्या आईपुढे धरला. "या मावशी, तुम्हीच सांगा."

खडू तिने घेतला नाही, पण फळ्यापाशी जाऊन पाऊण तास बोलली. बोंबील कधी उलटायचा, आभाळ आलं की काय करायचं, सगळं सांगितलं. मुली प्रश्न विचारत होत्या. वारा ओलावा कसा उडवून नेतो, हे बाईंनी शेवटी दोन वाक्यांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाखला न्यायला कोणी आलं नाही. अनिता आली.

पुढे बाई निवृत्त होऊन रत्नागिरीला गेल्या. अनिता दहावी पास झाली, त्या जूनमध्ये तिची आई धाकटीला घेऊन शाळेत आली. "त्या बाई कुठं हायत?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग धाकटीचा हात माझ्या हातात देत म्हणाली, "मंग तुमी शिकवा. काय अडलं तर मला बोलवा, मी येईन."

मी तिला तीनदा वर्गात बोलावलं. तिन्ही वेळा ती आली.