वळचणीखालचा कान

तायडेबाबू फोन जोडून दिला की दोन्हीकडचं ‘हॅलो’ ऐकत आणि लगेच ऐकण्याचा खटका वर करून कानावरचं यंत्र काढून ठेवत. नांदुऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. महाराष्ट्र नुकताच झाला होता, गावात फोन मोजके, आणि प्रत्येक फोन आमच्या हातून जोडला जाई. कोणाच्या घरात काय शिजतंय हे बसल्याजागी कळत असताना हा माणूस कान मिटून बसे, याचं मला हसू यायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी गुप्ततेच्या कागदावर सही घेतली. म्हणाले, “इंग्रजाच्या मुलखात दुसऱ्याच्या वळचणीखाली उभं राहून घरातलं आयकणाऱ्याले दंड व्हये. आता वळचणीच्या जागी तार आली. गुन्हा तोच हाये, बाबू.” मी मान डोलावली, आणि पुढे ते पाहत नसत तेव्हा यथेच्छ ऐकलं.

त्यांच्या मुलीची, सुमनची सोयरीक मलकापूरच्या एका शिक्षकांच्या मुलाशी ठरली होती. पोरगी आनंदात होती. एका दुपारी त्याच व्याह्यांचा फोन नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या त्यांच्या मेहुण्याला आला. तायडेबाबूंनी जोडला, पण खटका वर जायच्या आत एक वाक्य त्यांच्या कानात पडलंच: “पोराले पहिली बायको हाये, सोनाळ्याले.” त्यांचा चेहरा उतरला. तरी खटका त्यांनी वर केलाच.

मी माझ्या बाजूने पुढचंही ऐकलं. व्याही स्वतःच्या मुलीसाठी आलेल्या एका स्थळाबद्दल बोलत होते. पहिली बायको त्या स्थळाच्या मुलाला होती; तिथे मुलगी द्यायची नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

चार दिवसांनी तायडेबाबूंनी सोयरीक मोडली. कारण घरी सांगितलं नाही, व्याह्यांनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर फोन ऐकल्याचं उघड झालं असतं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण सांगायचं म्हणजे चोरून ऐकल्याची कबुली द्यायची आणि नोकरी घालवायची. दुसरं चांगलं स्थळ येईलच, अशी मी मनाची समजूत घातली.

सुमनने पुन्हा कोणाला होकार दिला नाही. वडिलांशी ती बोलेनाशी झाली. जेवणाचं ताट वाढून आत निघून जाई. एकदाच ते मला म्हणाले, “आयकाचं नव्हतं ते आयकलं म्या. त्याचंच भोगून राह्यलो.” तेव्हाही मी गप्प बसलो. याची लाज आजही जात नाही.

ते गेले तेव्हा मीही निवृत्त झालो होतो. भेटायला गेलो तर सुमनने समोर बसून विचारलं, “काका, तुम्ही त्याईच्या बाजूले बसत होते. बाबानं काऊन मोडलं माह्यं लगन?”

आता ना नोकरी जाणार होती, ना कोणी साहेब विचारणार होता. तरी मी म्हणालो, “मले नाही माहीत, पोरी.”

तिने मान हलवली आणि वडिलांच्या फोटोकडे न पाहता चहा ठेवायला आत गेली.