मगरिबनंतरचा नाताळ

इब्राहिमभाईंना मी शेवटचं पाहिलं ते दुबईच्या दवाखान्यात. काविळीनं डोळे पार पिवळे पडले होते आणि अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा वाटावा इतका सैल झाला होता. शारजाहून तिथवर पोचताना आमची टॅक्सी दोनदा वाळूत रुतली. उतरून ढकलताना मी मनाशी पक्कं केलं होतं, आज घरचा विषय काढायचाच. भाभींना कळवायचं की नाही, कळवायचं तर काय कळवायचं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. स्टूल ओढून बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "उस्मान, आइसलँडवर आज प्रेशर किती?"

"भाई, घरी तार करू का?"

"तार कशाला? इन्शाल्ला आठवड्यात उठून बसतो. तू प्रेशर बोल."

मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले, बोटानं चादरीवर एक वाकडी रेघ ओढली आणि म्हणाले, "अजून लवकर आहे. डिसेंबर उजाडू दे..." डिसेंबर उजाडलाच नाही त्यांच्यासाठी. पुढच्या गुरुवारी, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होऊन गेल्यावर, ते गेले. दवाखान्यातला कंपाउंडर आमच्याच तालुक्यातला. त्यानं शारजाला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही पाच-पन्नास कोकणी माणसांनी त्यांना माती दिली. घरचं कुणी नव्हतं. बायको आणि मुलगी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात, त्यांना तार पोचेपर्यंत इथं सगळं आटोपलं होतं.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं लिहावं अशी रीत आहे. ती मला मान्य आहे. पण आधीच सांगून टाकतो, माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो लपवून लिहायला बसलो तर हे इब्राहिमभाई राहणार नाहीत, भलताच कुणी साधुपुरुष होईल.

आम्ही दोघंही शारजाच्या इंग्रजांच्या विमानतळावर, हवामानाच्या कचेरीत नोकरीला होतो. मी टायपिस्ट. इब्राहिमभाईंचं काम फुग्याचं, म्हणजे सकाळ-दुपार मोठा रबरी फुगा गॅसनं भरायचा, आभाळात सोडायचा आणि साहेब दुर्बिणीतून बघून सांगतील ते आकडे उतरवून घ्यायचे. फुगा कुठल्या बाजूला गेला यावरून वरचा वारा कळतो. एवढं काम करून हा माणूस गप्प बसता तर प्रश्नच नव्हता. पण आमचे मोठे साहेब, हेन्री साहेब, यांना एक खूळ होतं. आपल्या इंग्लंडातल्या गावी यंदा नाताळला बर्फ पडणार का, हे शारजात बसून सांगायचं. डिसेंबर लागला की टेलिप्रिंटरवर युरोपभरचे आकडे येत, त्यांचा नकाशा काढला जाई, आणि साहेब, टेलिप्रिंटरवरचा एक गोरा पोरगा आणि आमचे इब्राहिमभाई असे तिघं त्या नकाशावर डोकी खुपसून बसत. मी त्यांना 'बर्फ कमिटी' म्हणायचो. बाहेर उंट उभे आणि आत तीन शहाणे बर्फ शोधताहेत!

नियम कडक होते. साहेबांची बहीण त्यांच्या गावात राहायची, तिच्या अंगणात नाताळच्या दिवशी बर्फ पडायला हवा. आधीचा पडून राहिलेला चालणार नाही, पडताना दिसलेलाच धरायचा. निकाल बहिणीच्या तारेनं लागायचा. इब्राहिमभाईंनी पहिली दोन-तीन वर्षं छातीठोकपणे 'हो' सांगितलं आणि दर वेळी सपशेल तोंडघशी पडले. एकदा तर त्या बाईंनी कोट न घालता गुलाबांना पाणी घातल्याचं कळवलं होतं. साहेब पोट धरधरून हसले. इब्राहिमभाईही हसले, पण खोलीवर आल्यावर जेवले नाहीत. बर्फ त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, बाजारात माशांवर घालतात तो सोडून.

मग ते वर्ष आलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. इंग्लंडात हवामानाच्या ट्रेनिंगला आमच्या कचेरीतून एक नाव पाठवायचं होतं. ट्रेनिंग करून आलेला माणूस ऑब्झर्व्हर होणार, आणि ऑब्झर्व्हरला फॅमिली क्वार्टर. म्हणजे झुलेखाभाभी आणि मुलगी कायमच्या शारजाला. इब्राहिमभाई दोन वर्षांतून एकदा घरी जात. मुलगी बापाला बघून आजीच्या मागं लपते, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. साहेबांनी अर्ध्या थट्टेत, अर्ध्या मनापासून सांगून टाकलं, "इब्राहिम, यंदा बरोबर सांगितलंस तर तुझंच नाव पाठवतो."

त्या डिसेंबरात इब्राहिमभाई माणसात नव्हते. चहाच्या दुकानात बशीतल्या चहावर फुंकर मारून वारा कसा वळतो ते मला दाखवायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. नाताळच्या दोन दिवस आधी साहेबांच्या खोलीतल्या फळ्यावर तिघांनी आपापलं उत्तर लिहिलं. साहेब 'नाही', गोरा पोरगा 'नाही', इब्राहिमभाई 'हो'. बाहेर येऊन फुगा भरता भरता ते मला म्हणाले, "सूरज बुडाला की वारा उत्तरेचा होणार बघ. बर्फ चालू. आणि मध्यरात्रीच्या आत खलास." मी मान डोलावली. कुठला सूरज, कुठल्या तारखेचा, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांना तो प्रश्नच समजला नसता.

पंचवीस तारखेला सकाळी टेलिप्रिंटरवर आकडे आले. साहेबांच्या गावाजवळच्या ठाण्यावर आदल्या संध्याकाळी बर्फ पडला होता. इब्राहिमभाईंनी तो कागद कपाळाला लावला आणि तडक बाजारात जाऊन हलव्याचा डबा घेऊन आले. स्वयंपाक्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या हातावर हलवा ठेवला. मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी तार आली. बहिणीनं लिहिलं होतं, चोवीसच्या संध्याकाळी बर्फ सुरू झाला, मध्यरात्रीपूर्वी थांबला, नाताळचा दिवस लख्ख उन्हाचा, अंगण पांढरंशुभ्र.

साहेबांनी तार दोनदा वाचली आणि हळहळले. खरंच हळहळले, ते मी पाहिलंय. "थोडक्यात हुकलं, इब्राहिम."

"हुकलं कुठं साब? बराबर हुआ."

"हे चोवीसचं आहे."

"नहीं साब. सूरज डूबा, तारीख बदल गया. सूरज डूबा तब क्रिसमस चालू."

परक्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्यात दिवस मगरिबला बदलतो. रात्र आधी, दिवस मागाहून. गुरुवारचा सूर्य मावळला की जुम्मा, म्हणजे शुक्रवार लागला. इथल्या बाजारात तर अरब व्यापारी सूर्यास्तालाच घड्याळात बारा वाजवून घेतात. इब्राहिमभाई आयुष्यभर तसंच मोजत आले होते. कचेरीच्या कागदावर मध्यरात्र पाळायचे, कारण ती नोकरी होती. पण साहेबांनी विचारला होता सण, आणि सण मध्यरात्री लागतो हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

साहेब वाईट नव्हते. त्यांना ते नाव पाठवायचंच होतं. ते म्हणाले, "ठीक आहे. एकच लाइन लिहून दे. तारीख मोजताना मिस्टेक झाली, इतकंच. बाकीचं बरोबर होतं असं मी लिहितो. नाव आजच जाईल."

मी टाइपरायटरवर कागद चढवलासुद्धा. इब्राहिमभाई टेबलाच्या कडेला बोटं टेकून उभे होते. ते म्हणाले, "मिस्टेक नहीं है साब. आपके लोग भी क्रिसमस का गाना उसी शाम को गाते हैं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते खिडकीकडे वळले. विषय तिथंच संपला. ट्रेनिंगची जागा दुसऱ्या कुठल्या तरी कचेरीतल्या माणसाला गेली.

परतताना मी रस्त्यात तमाशा केला. "एक लाइन, भाई! एक लाइन लिहायला काय जात होतं तुमचं? भाभी इथं आल्या असत्या!"

"चाँदरातीला तू काय बोलतोस? ईद उद्या सकाळी लागणार बोलतोस? चाँद दिसला की गळ्यात पडतोस ना?"

"ती आपली ईद आहे. विलायतेचा दिवस तुम्ही अरबी घड्याळानं मोजणार?"

"मग कुणाच्या घड्याळानं मोजू, उस्मान? मला दुसरं येतं कुठं? आणि जे चुकलंच नाही ते चुकलं कसं लिहू?"

मी हात टेकले. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही असा एक डिसेंबर गेला नाही. हेन्री साहेब बदलून गेले, नव्या साहेबांना बर्फाशी देणंघेणं नव्हतं, बर्फ कमिटीत एकटे इब्राहिमभाई उरले. तरीही नकाशा काढायचे. मी चिडायचो, ते हसून म्हणायचे, "यल्ला, चहा घे." फुगे भरता भरता दाढी पांढरी झाली. फॅमिली क्वार्टर काही मिळालं नाही. आणि शेवटी त्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बायको नव्हती, लेक नव्हती, मी होतो, तोही रोज नाही. ह्या एका गोष्टीचा मला अजून संताप येतो. तत्त्वाचा माणूस म्हणून टाळ्या वाजवणारे वाजवोत, ती जागा रिकामी होती ते मी पाहिलंय.

गेल्या पंधरवड्यात सुट्टीवर आलो आणि त्यांची ट्रंक पोचवायला त्यांच्या गावी गेलो. भाभी इद्दतमध्ये होत्या, म्हणजे नवऱ्यामागं पाळायच्या एकांतात, म्हणून दाराआडून बोलल्या. त्यांच्या सासूनं चहा आणून दिला आणि चौकटीशी बसली. मी तयारी करून गेलो होतो. दुखणं कसं होतं, त्रास किती झाला, शेवटचं काय बोलले, सगळं विचारतील. आइसलँडचं कसं सांगायचं याचीच धास्ती होती. भाभींनी विचारलं, "उस्मानभाई, कुठल्या दिवशी गेले ते?"

"कचेरीच्या दाखल्यावर गुरुवार आहे."

भाभींनी आतून विचारलं, "मगरिबच्या आधी की नंतर?"

"नंतर. अजान होऊन गेली होती."

"अल्हम्दुलिल्लाह," म्हातारी म्हणाली आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवून रडू लागली. जुम्म्याला जाणाऱ्याची कबर अल्लाह सोपी करतो, अशी आमच्यात श्रद्धा आहे. तिच्या मुलाला जुम्मा मिळाला होता.

मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं आत साठलेलं, ते बाहेर आलंच. "भाभी, ह्याच मोजण्यापायी तुमचं शारजाचं घर गेलं."

"ठाऊक आहे मला," दाराआडून आवाज आला. "सुट्टीवर आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते." मग सावकाश म्हणाल्या, "पण उस्मानभाई, तेव्हा त्यांनी चूक म्हणून लिहून दिलं असतं, तर आज मी जुम्मा कुठल्या तोंडानं म्हटला असता?"

गुरुवार लिहिलेला दाखला खिशातून काढून ट्रंकेवर ठेवायचा होता, तो काढलाच नाही. चहा पार निवला होता, तसाच प्यालो आणि बाहेर पडलो. राग अजून आहे. आता तो कुणावर काढायचा, तेवढं मात्र कळेनासं झालंय.