माथ्यावर माता नसलेला मेल

मांडवीत वहाणं बांधणारे आहेत, वहाणं चालवणारे आहेत आणि धक्क्यावर बसून वहाणांबद्दल बोलणारे आहेत. मी पहिल्या दोघांची इंजिनं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात तिसऱ्यांत जाऊन बसतो. माझी भाभी मोंघी मालम मात्र यांतल्या कशातच मोडत नाही. ती कधी रुक्मावती नदीच्या मुखापलीकडे गेलेली नाही, होडीत बसली की तिला मळमळतं. तरी इथून आफ्रिकेपर्यंत असा एक नाखवा दाखवा ज्याला तिचा आवाज माहीत नाही.

माझा मोठा भाऊ करसन, म्हणजे भाभीचा नवरा, वहाणमालक वेलजी बापांच्या वहाणावर होता. किनाऱ्याजवळ आल्यावर त्यांच्या वहाणात पाणी शिरलं. त्यांनी वायरलेसवर हाका मारल्या, आणि कचेरीतला वायरलेसवाला त्या वेळी घरी जेवायला गेला होता. करसन परत आला नाही. सुतक फिटल्यावर भाभी पांढरा साडला डोक्यावर ओढून बापांच्या कचेरीत गेली. आम्हाला वाटलं, मदत मागायला गेली असेल. तिने त्या यंत्राशेजारची खुर्ची मागितली.

"बाईमाणूस वायरलेसवर?" बापा म्हणाले होते.

"मी डबा इथंच खाईन, बापा," एवढंच ती बोलली.

तेव्हापासून ती तिथंच डबा खाते. बाजरीचा रोटलो एका हातात आणि वायरलेसचा माईक दुसऱ्या हातात. नाखव्यांना ती अशी झापते की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. एकदा तर एक नाखवा लग्नाचा वाढदिवस विसरला म्हणून तिने त्याला भर समुद्रात फैलावर घेतलं होतं, आणि आसपासची सगळी वहाणं ऐकत होती.

पुढे कागदपत्रांचा कारभार कॉम्प्युटरवर गेला. बापांचा नातू मस्कतला नोकरीवर जाण्याआधी मेलचं सगळं बसवून गेला आणि भाभी ते शिकली. शिकताना माझ्यावर खेकसायची, कारण कॉम्प्युटरवर खेकसून उपयोग नव्हता. बापांनी मात्र नातवाला एक गोष्ट बजावून करून घेतली. आमच्याकडे चिठ्ठीच्या माथ्यावर देव हवाच. माथा कोरा असलेली चिठ्ठी घरात येते ती फक्त मरणाची. तशी चिठ्ठी वाचून लोक ती फाडून टाकतात, उंबऱ्याच्या आत ठेवत नाहीत. म्हणून बापांनी दर्यावर राखण करणाऱ्या सिकोतर मातेचा फोटो भुजहून काढून आणला. नथीतला मोतीन् मोती मोजता यावा इतका ठसठशीत. तो नातवाने असा बसवला की नवा मेल उघडला की माता आपोआप वर येऊन बसायची.

मी सांगतोय ती गोष्ट मोबाईलच्या रेंजवर इंटरनेट चालवणारे डोंगल नवे नवे निघाले होते तेव्हाची. रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली आणि गावातले फोन, फॅक्स, इंटरनेट सगळं एका दमात गेलं. सायबर कॅफेवाले खुर्च्या बाहेर टाकून दाबेली खात बसले होते. चालू होते ते फक्त मोबाईल. नेमकं त्याच दिवशी बापांचं 'दरियादौलत' ओमानच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि त्यावरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, इब्राहिम पोट धरून लोळत होता.

नाखव्याने मोबाईलवरून कळवलं की इब्राहिमला ताप चढलाय, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, अपेंडिक्स दिसतंय. तिकडचे आमचे एजंट प्रागजीभाई म्हणाले, "बोट तयार आहे, दवाखाना तयार आहे. मालकाने हमीची चिठ्ठी पाठवली की माणूस उतरवून घेतील. पण चिठ्ठी नोंदलेल्या मेलवरूनच हवी. तोंडी चालत नाही इथं."

इब्राहिमची बायको सकीना कचेरीत येऊन बसली. रडली नाही, बोललीही नाही. नुसती भाभीच्या हातांकडे बघत राहिली.

बापांनी पुतण्याकडून डोंगल मागवला होता. भाभीने तो लावला, चार ओळींची हमीची चिठ्ठी लिहिली आणि पाठवायचं बटण दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर लाल फुली आली. परत दाबलं, परत फुली.

"रेंज नाही," मी म्हणालो. इंजिनवाल्याला सगळे रोग डिझेलचेच वाटतात तसं माझं झालं. मी लांब वायर आणली, डोंगल बांबूला बांधला आणि बांबू गच्चीवर उभा केला. वरून ओरडलो, "आता बघा!"

"रेंज सगळी भरली, देवजीभाई," भाभी खालून ओरडली. "पण मेल जात नाही. येतोय मात्र. प्रागजीभाईंचेच दोन आले. विचारतायत, चिठ्ठी कुठाय."

"येतोय तर जायला काय धाड भरली?"

"तेच तर! आत यायचं दार उघडं आणि बाहेर जायचं बंद. तुम्ही खाली उतरा आधी, बांबूसकट पडाल."

तिने डोंगलच्या कंपनीला फोन लावला. बरीच गाणी ऐकवल्यावर एक पोरगी बोलली. भाभीने तिला आजारी माणसाचं काहीच सांगितलं नाही, फक्त जे घडत होतं ते क्रमाने सांगितलं. ती पोरगी हुशार निघाली. म्हणाली, "मावशी, तुमच्या घरच्या तारेवर मेलला बाहेर जायचं जे जुन्या नंबरचं दार चालतं ते मोबाईलवर बंद असतं, फालतू मेल सोडणाऱ्यांमुळे. बाहेर जाणाऱ्या मेलचा नंबर बदला, आणि तिथंही तुमचं नाव आणि पासवर्ड द्या." भाभीने ती सांगेल तिथं टिचक्या मारल्या, नंबर बदलला. फोन ठेवताना तिला म्हणाली, "सुखी राहा, दीकरी."

आता मेल हलला. पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. सकीना खुर्चीतून अर्धी उठली. पट्टी अर्ध्यापर्यंत आली, थांबली, आणि पुन्हा लाल फुली.

तेवढ्यात नाखव्याचा फोन आला. इब्राहिम आता कण्हतही नव्हता, नुसता पडून होता.

मी डोंगलला शिव्या घातल्या, केबल तोडणाऱ्यांना घातल्या, बापांच्या नातवालाही घातल्या. तो ड्युटीवर असल्यामुळे फोन उचलत नव्हता. भाभी म्हणाली, "तोंडाने मेल जात असता तर तुमचा कधीच पोचला असता. गप्प बसा जरा." तिने नवा मेल उघडला आणि त्यात नुसतं 'हेलो' लिहून पाठवलं. तोही अर्ध्यावर जाऊन बसला.

ती पडद्याकडे बघत राहिली. मग चष्मा काढून, पुसून, परत घातला.

"देवजीभाई, इथं प्रत्येक मेलपुढे त्याचं वजन लिहिलेलं असतं. चिठ्ठीचं बघा. आता या हेलोचं बघा."

"सारखंच आहे."

"चार ओळींचं आणि एका शब्दाचं वजन सारखं कसं? आणि ते किती आहे बघा. अख्ख्या वहाणाच्या कागदांएवढं! या चिठ्ठीत असं काय भरलंय?"

मग आम्ही दोघांनी एकदमच मेलच्या माथ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती म्हणून ती कोणाला दिसलीच नव्हती. माता बसली होती, नथीतल्या मोत्यांसकट. तारेवरून ती रोज जायची, तिला वेळ लागायचा इतकंच. या बोटभर डोंगलला ती पेलवत नव्हती.

बापा आतल्या गादीवर जप करत होते. भाभीने जाऊन त्यांना सरळ सांगितलं. बापांचा चेहरा उतरला.

"लहान कर तिला."

"मला येत नाही, बापा. ज्याला येतं तो फोन उचलत नाही."

"या कचेरीतून देवावाचून चिठ्ठी कधी गेलेली नाही. आणि आज? आजारी माणसाची? माथा कोरा ठेवून?" "प्रागजी काय समजेल? इब्राहिम गेला असंच समजेल. असली चिठ्ठी मी माझ्या हाताने कशी पाठवू?"

मी म्हणालो, "बापा, तुफानात तुम्हीच खजुराची पोती समुद्रात टाकली होती ना वहाण वाचवायला?"

"पोती टाकली होती, मूर्खा. माता नव्हती टाकली."

भाभी पुढे झाली. ती बापांच्या गादीपाशी खाली बसली.

"बापा, तुमच्या प्रत्येक वहाणाच्या कोठडीत माता आहे की नाही?"

"आहे."

"म्हणजे या घडीला ती इब्राहिमच्या उशाशी आहे. जी तिथं पोचलेली आहे तिला आपण इथून पुन्हा कशाला धाडतोय? त्यापायी चिठ्ठीची वाट अडलीय."

बापांनी जपमाळ खाली ठेवली. मग सकीनाकडे वळले. "बेटी, तुझ्या माणसाची चिठ्ठी आहे. तू सांग."

"मोंघीबेन म्हणतील तसं," सकीना म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली.

बापा काठी टेकत कॉम्प्युटरपाशी आले. भाभीने मातेवर टिचकी मारली, तिच्याभोवती चौकट उमटली. "कुठलं बटण?" बापांनी विचारलं. भाभी म्हणाली, "मी दाबते." ते म्हणाले, "नाही. पाप असेल तर ते म्हाताऱ्याला लागू दे, तुझं अजून आयुष्य आहे." त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि मग एका बोटाने स्वतः बटण दाबलं. माथा कोरा झाला. खरं सांगतो, मलाही ते बघवलं नाही.

भाभीचा हात पाठवायच्या बटणाकडे गेला तसे बापा म्हणाले, "थांब. खाली माझं नाव आहे ना? त्याखाली तुझं घाल."

"माझं कशाला, बापा? मालक तुम्ही."

"माझ्या नावाने मरणाच्याही चिठ्ठ्या गेल्यात. तुझ्या नावाने एकही गेलेली नाही. माथ्यावर देव नाही तर तळाशी तू तरी हवीस. घाल."

तिने नाव घातलं. 'मोंघी मालम, मांडवी.' इतकी वर्षं त्या कचेरीत बसून तिने हजारो चिठ्ठ्या लिहिल्या असतील, पण स्वतःचं नाव ती पहिल्यांदा लिहीत होती. अक्षरं शोधताना तिचं बोट अडखळलं.

मेल गेला. हिरवी पट्टी दिसते न दिसते तोच गेला, आम्हाला खरंच वाटेना. मग आम्ही सगळे बापांच्या मोबाईलकडे बघत बसलो. चहा आला, निवला, कोणी हात लावला नाही.

फोन वाजला. बापांनी तो न बघताच भाभीच्या हातात दिला. प्रागजीभाई इतके मोठ्याने बोलत होते की मला दारात ऐकू आलं.

"मोंघीबेन, चिठ्ठी उघडली आणि वर माता नाही! म्हटलं, संपलं. मग खाली तुमचं नाव वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मेलेल्याची खबर मोंघीबेन सही करून कशाला देतील? धावतच गेलो चिठ्ठी घेऊन. बोट निघालीय त्याला आणायला."

भाभीने सकीनाकडे बघून फक्त मान हलवली. तेव्हा सकीना रडली. भाभीने तिला जवळ घेतलं आणि माझ्यावर ओरडली, "बघताय काय, चहा गरम करून आणा!" मी आणला. माझेही डोळे धड दिसत नव्हते म्हणून अर्धा सांडला.

त्याच संध्याकाळी इब्राहिमचं ऑपरेशन झालं. तो बचावला, आणि हल्ली पुन्हा वहाणावर नाखव्यांना तिखट रस्सा खायला घालून छळतो. बापांच्या नातवाने पुढे मातेचा फोटो हलका करून दिला, आणि माता आपल्या जागी परत आली. तोवर प्रत्येक चिठ्ठीखाली जाणारं आपलं नाव भाभी तेव्हा पुसायला निघाली होती. बापांनी काठी आपटली. "ते राहू दे," म्हणाले.

ते राहिलं. आमच्या कचेरीतून समुद्रापार जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीखाली आता माझ्या भाभीचं नाव असतं. धक्क्यावर एखादा नवा माणूस ही मोंघी मालम कोण म्हणून विचारतो, तेव्हा बाकीचे माझ्याकडे बघतात, कारण ते सांगायचा मान माझा आहे.