जप्त केलेली टेनिसची वही

शिक्षक मैत्रिणींनो, निवृत्तीआधी शाळेतले कपाट आवरताना आज सुनंदाची वही सापडली, म्हणून लिहिते आहे.

आर्वीत मी गणित शिकवते. बारा वर्षांपूर्वी दहावीतली सुनंदा माझ्या तासाला एका टेनिसपटूचे विक्रम लिहीत होती. हिरवळीवर किती सामने जिंकले, मातीवर किती, सगळ्याची शेकडेवारी. मी वही जप्त केली.

वही परत द्यायला निघाले आणि एसटीत बसून ती शेकडेवारी तपासली. एकही चूक नाही.

जाम गावी आता सुनंदाचे चहाचे दुकान आहे. तिथे उतरून वही तिच्यासमोर ठेवली.

"मॅडम, परीक्षा झाली का नेजो म्हटलं होतं तुमी. दोनदा मांगाले आलती मी."

"पुढे लिहिलंस का?"

"नाई. मंग गणितच सोडलं." ती हसली. "वही घरी असती तं मायनं चुलीत टाकली असती."

मला हसू आले नाही. तुमच्या कपाटात कोणाचे काय पडले आहे?

परत दिले: वही एक. अंतिम सामन्याचा रकाना कोरा.