वडाखालचं धुकं

चीनमधल्या फूच्येन प्रांताच्या डोंगरातल्या आमच्या गावात वडाखाली मी रोज पहाटे ओला पेंढा पेटवते. त्या धुराचं लांबून धुकं दिसतं. त्यातून च्यूशंगकाका खांद्यावर नांगर टाकून रेड्याला सावकाश चालवत आणतात, चपट्या दगडाशी थांबतात आणि उजवीकडे बघतात. तिथे फोटोवाले असतात. गावसमिती दिवसाला चाळीसच जणांना आत सोडते, म्हणून वडाची मुळं तुडवली न जाता अजून शाबूत आहेत. काकांनी शेती सोडून नऊ वर्षं झाली. रेडा तर कधी नांगराला जुंपलेलाच नाही.

आज खरं धुकं उतरलं, इतकं दाट की वडसुद्धा दिसेना. पाहुण्यांनी निरोप धाडला, काही दिसणार नाही, आज नको.

“सुटलो,” काका म्हणाले. “घरी रताळ्याची पेज निवतेय.”

“मग नांगर ठेवा की खाली.”

“तू तुझा धूर सांभाळ.”

ते पांढऱ्यात विरघळून गेले. रेड्याच्या गळ्यातली घंटा लांब जात जात एकदम थांबली. मी मागोमाग गेले. चपट्या दगडाशी दोघं उभे होते.

“काका, कुणी नाहीये.”

“त्याला सवय झालीय,” ते रेड्याकडे बोट दाखवत म्हणाले.

मान मात्र त्यांचीही उजवीकडेच होती.