नाल्याकाठचा साग

आमची सॉ मिल तारिहाळला. कॉलेज सुटल्यापासून मी अप्पांसोबत तिथंच उभा आहे. धाकटी बहीण मात्र जंगलाचं शिकायला बाहेर गेली आणि वन्यजीवांची जाणकार होऊन धारवाडला परतली. अळणावरकडच्या सागवनात पुढं कुठं, किती तोड करायची याचा आराखडा वनखातं बनवत होतं. प्राण्यापक्ष्यांची बाजू सांगायला तिला बोलावलं आणि लाकूड घेणारे म्हणून आम्हालाही.

बैठकीत ती म्हणाली, "साग तोडा, पण टप्प्याटप्प्यानं. नाल्याकाठची जुनी झाडं मात्र राहू द्या. त्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो."

"सगळ्यात जाड साग तिथंच आहे," मी म्हणालो. "तोच सोडला तर आम्ही कापायचं काय?"

वनखात्याच्या साहेबांनी अप्पांकडं वळून कन्नडमध्ये विचारलं, "यजमानरे, मिलचे मालक तुम्ही, तुम्हीच सांगा."

अप्पा आता माझी बाजू घेणार, अशी माझी खात्री होती.

"मुलगी म्हणते ते खरं आहे," अप्पा म्हणाले. "नाल्याकाठ सोडा."

माझे कान तापले. मिलमध्ये नवं पातं घ्यायचं म्हटलं तरी ते मला हजार प्रश्न विचारायचे. तिचं एका दमात पटलं.

पुढच्याच रविवारी त्यांना ते घरटं बघायची हौस आली. गाडी मीच चालवली. नाल्याच्या उतारावर मी हात पुढं केला, तर त्यांनी बहिणीचा खांदा धरला. ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, आत मादी बसलेली. नर आला आणि फटीतून तिला उंबरं भरवू लागला. अप्पा तोंडावर हात ठेवून हसत होते. मिलमध्ये त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा, दिसला का?" बहिणीनं हळूच विचारलं.

"दिसला. चला, ऊन वाढतंय."

खरं तर मी तिच्या खांद्यावरचा अप्पांचा हातच बघत होतो.

आराखडा तिच्या म्हणण्याप्रमाणं मंजूर झाला. दुसऱ्या भागात तोड झाली आणि वनखात्याच्या लाकूड डेपोतल्या लिलावात मी सरळ, बिनगाठीचा साग घेतला. मोठ्या खुशीनं तो मिलवर अप्पांना दाखवायला आणला. त्यांनी ओंडक्यावरून तळवा फिरवला.

"माल चांगला निवडलास."

मी फुललो.

"नाल्याकाठचा नाही ना?"

"नाही, अप्पा."

तिथंच ओंडक्यावर बसून त्यांनी तिला फोन लावला. "तुझी झाडं उभी आहेत बरं का, बाळ..."

करवत सुरू करा, अशी मी माणसांना खूण केली.