सावकाश कापणारी करवत

चाकमास्तर निवृत्त झाले तेव्हा हॉस्पिटलच्या दुरुस्ती खात्याने त्यांना विचारलं, "निरोपाला काय देऊ? घड्याळ की बॅग?" मास्तर म्हणाले, "माझा शेगडा द्या." शेगडा म्हणजे लोखंड घट्ट आवळून धरायचा टेबलावरचा जबडा. त्याच्यासमोर उभं राहून मास्तरांनी एकतीस वर्षं चाकखुर्च्या, ढकलगाड्या, सलाइनचे स्टँड आणि करकरणारे पलंग दुरुस्त केले होते. शेगडा इतका जड की दोन वॉर्डबॉयनी तो चक्क स्ट्रेचरवर घालून घरी आणला. शेजारच्या बाई धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, मास्तरांनाच काहीतरी झालं.

स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती. ती झाडून मास्तरांनी तिथे आपलं दुकान थाटलं. दुकान म्हणजे विकायचं काही नाही. कुणाच्या काठीचं टोक झिजलं, कुणाच्या कुबडीचा स्क्रू हरवला, की माणसं यायची. मास्तर कानस, हातकरवत आणि काटकोन तपासायचा गुण्या एवढ्यावर भागवायचे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, ती त्या खोलीत पाय ठेवत नसे. चोवीस वर्षं तिने मोजे विणायच्या कारखान्यात बारा यंत्रं एकटीने सांभाळली होती. "आता मला घरात फक्त मिक्सरचा आवाज पुरे," असं ती म्हणायची.

तर झालं असं, की पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवाल्या बाई पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या नणंदेचा जुना वॉकर त्यांना मिळाला. पण नणंद ताडमाड आणि शिवणवाल्या बाई जेमतेम दाराच्या कडीएवढ्या. तो वॉकर जुन्या पद्धतीचा, एकाच मापाचा, वरखाली होत नसे. तो धरून चालताना बाईंचे खांदे कानाला लागत.

"चारी पाय चार बोटं कमी करून द्या मास्तर," त्या म्हणाल्या.

"हा तर डाव्या हातचा मळ," मास्तर म्हणाले.

आणि इथेच फसले, कारण उजवा हात त्यांना दगा देत होता. वर्षभर उजव्या खांद्याची कुरकुर त्यांनी अंगावर काढली होती, कुणाला सांगितली नव्हती. करवत पुढे रेटली की खांद्यातून कळ जायची, हात नकळत आत वळायचा आणि पातं तिरकं उतरायचं. पहिला पाय तिरका कापला गेला. तो कानशीने सरळ केला, तर बाकीच्यांपेक्षा आखूड झाला. म्हणून बाकीचे त्याच्या मापाने कापले. त्यातला एक पुन्हा जास्त गेला. वॉकर जमिनीवर ठेवला की डुगडुगायचा. संध्याकाळपर्यंत त्याचं डुगडुगणं थांबलं, पण तोवर चार बोटांच्या जागी सात बोटं गेली होती.

मास्तर तो वॉकर घेऊन स्वतः गेले. शिवणवाल्या बाई तो धरून उभ्या राहिल्या आणि नमस्कार घातल्यासारख्या वाकल्या.

"हात दाखवून अवलक्षण झालं बाई," मास्तर खाली बघत म्हणाले. "एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

बाई हसल्या. "अहो, बाही आखूड झाली तर मी काय गिऱ्हाइकाचा हात कापते? खाली जोड लावते. तुम्ही लोखंडाला जोड लावा. घाई नाही, तोवर सून आहे धरायला."

जोड लावणं शक्य होतं. त्याच जाडीच्या नळीचे चार छोटे तुकडे, आतून दुसरी बारीक नळी, वर ठोकून बसवायचे रिव्हेट. पण त्या चार तुकड्यांची तोंडं अगदी सरळ आणि मापं अगदी सारखी हवीत. मास्तर वॉकर घेऊन घरी आले आणि तीन दिवस त्या खोलीत गेलेच नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाईंनी पाहिलं, की नवरा डाव्या हाताने केस विंचरतोय.

"हे कधीपासून?"

"काय?"

"भांग उलट्या बाजूला गेलाय तुमचा. मला वाटत होतं, म्हातारपणी फॅशन सुचली. उजवा हात वर करा बघू."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मास्तरीणबाईंनी पायात चपला घातल्या. रिक्षा बोलावली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला, मलम दिलं आणि स्पष्ट सांगितलं, की हाताने करवत ओढणं कायमचं बंद.

परत येताना मास्तर रिक्षात डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होते. घरापाशी आल्यावर म्हणाले, "मग काय, शेगडा परत देऊन टाकतो."

"परत कशाला? मोटारीची करवत आणू."

"मोटार कापणार, मग मी काय करणार?"

"तुम्ही माप घ्या. मोटारीला माप घेता येत नाही."

मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ खिडक्यांच्या ग्रिल बनवायचा. करवतीचं कानावर जाताच तो त्याच दिवशी हजर झाला. "दाजी, डोळे मिटून चकतीची मशीन घ्या. माझ्याकडे आहे ना! चर्र केलं की तुकडा खाली. दिवसाला दोनशे कापतो मी."

"मला महिन्याला वीस कापायचेत," मास्तर म्हणाले.

"मग उलट चांगलं की, एका मिनिटात महिन्याचं काम!"

रविवारी तिघं त्याच्या गाडीतून अवजारांच्या दुकानात गेले. निघताना मास्तरांनी कापडी पिशवीत तीन-चार नळ्या घेतल्या, वॉकरला लागायची होती तसलीच एक पातळ, एक जरा जाड आणि एक भरीव सळई. मेहुणा म्हणाला, "दाजी, भाजी घ्यायला पिशवी न्यायची, दुकानात नळ्या कशाला?" मास्तर म्हणाले, "चप्पल घ्यायला जाताना पाय नेतोसच ना?"

दुकान लांबलचक, दोन्ही बाजूंनी यंत्रांच्या रांगा, तेलाचा आणि नव्या रबराचा वास. गल्ल्यावर चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या मालकीणबाई बसल्या होत्या. मेहुण्याने तोंड उघडण्याआधीच त्यांनी मास्तरांना विचारलं, "काय कापायचंय?"

मास्तरांनी पिशवी पुढे केली. मालकीणबाईंचा चेहरा खुलला. "बरं वाटलं. लोक आधी कळस बसवतात आणि मग पाया शोधतात. मशीन घेऊन जातात आणि घरी गेल्यावर काय कापू म्हणून विचारतात."

मेहुण्याच्या आग्रहावरून आधी चकतीची मशीन लावली. दुकानातल्या माणसाने चष्मा चढवला, पातळ नळी अडकवली आणि हँडल खाली ओढलं. ठिणग्यांचा पिसारा फुलला, असा कर्कश आवाज झाला की मास्तरीणबाईंनी पदरासकट दोन्ही कान दाबले. पाच सेकंदांत तुकडा खाली. मेहुण्याने ऐटीत बघितलं.

मास्तरांनी तुकडा थंड होईपर्यंत वाट पाहिली. मग उचलून उजेडाकडे धरला. तोंड निळंकाळं झालं होतं आणि आतबाहेर बोटाला टोचणारी झालर राहिली होती.

"हे कानशीने साफ करायला मला अर्धा तास लागेल," ते म्हणाले. "आणि कानस चालवायलाही खांदाच लागतो."

मेहुणा जरा खजील झाला. "ग्रिलला मी रंग मारतो दाजी. रंगाखाली सगळं झाकतं."

"आणि माझं स्वयंपाकघर?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडे हे रोज वाजलं तर मी माहेरी येईन. म्हणजे तुझ्याकडे."

"नको नको," मेहुणा घाईने म्हणाला, "दुसरी बघू."

दुसरी हातात धरून चालवायची पट्ट्याची करवत होती. आवाज कमी, काप छान. पण ती तोलायला दोन्ही हात लागत. मास्तरांनी उचलली, ओठ आवळले आणि हळूच खाली ठेवली. मागे एक भलंमोठं, पाणी सोडत कापणारं यंत्र होतं. मेहुणा त्याच्याभोवती दोनदा फिरला. मालकीणबाईच म्हणाल्या, "ते नका घेऊ. नाकापेक्षा मोती जड होईल. तुमच्या खोलीत ते मावलं, तर तुम्ही मावणार नाही."

शेवटी त्यांनी कोपऱ्यातली एक आडवी, लहानशी करवत दाखवली. लांब पट्ट्यासारखं पातं दोन चाकांवरून फिरत होतं. नळी जबड्यात आवळायची, करवतीचा हात तिच्यावर टेकवायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्याच वजनाने सावकाश खाली येतो आणि तुकडा पडला की यंत्र आपोआप बंद होतं. जोर लावायचा नाही, ओढायचं नाही.

"किती वेळ लागतो?" मेहुण्याने विचारलं.

"या नळीला मिनिटभर."

"मिनिटभर!" मेहुण्याने कपाळाला हात लावला.

"यांना कुठली गाडी पकडायचीय?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

दुकानातला माणूस नळी लावणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांबा. हे पातं भरीव लोखंड कापायचं आहे. दात मोठे आहेत. नळीची भिंत पातळ. तिच्यावर एका वेळी दोन-तीन दात टेकायला हवेत, नाहीतर दात अडकून मोडतील. बारीक दातांचं पातं आहे?"

मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आतून बारीक दातांचं पातं आणायला सांगितलं.

ते चढवून यंत्र सुरू झालं. आवाज कसा, तर कुणी शेजारच्या खोलीत गुणगुणत असल्यासारखा. मास्तर नळीकडे बघत होते. मास्तरीणबाई मात्र डोळे मिटून उभ्या होत्या. तुकडा पडला, यंत्र थांबलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि एकामागून एक विचारायला सुरुवात केली. पट्टा सैल झाला तर कुठून ताणायचा? तुटला तर तेवढाच मिळतो का? चाकांना तेल किती दिवसांनी? भुसा कुठे साचतो, तो काढायला काय उघडावं लागतं?

मास्तर बघतच राहिले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण बायको कारखान्यात काय करायची हे त्यांनी कधी नीट विचारलं नव्हतं.

"तुम्हाला यंत्रं कळतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"बारा होती माझ्याकडे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकाची सुई तुटली की मला दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं."

करवत घरी आली. मास्तरांनी हौसेने पहिला तुकडा कापला, गुण्या लावला आणि त्यांचं तोंड उतरलं. तिरका! केसभरच, पण तिरका. दुसरा तसाच. तिसरा तसाच. जबडा तपासला, तो काटकोनात होता. खालचं टेबल तपासलं, ते सपाट होतं. दोन दिवस ते यंत्राभोवती घिरट्या घालत राहिले. मेहुण्याचा फोन आला, तेव्हा "उत्तम चाललंय" असं सांगून त्यांनी ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या. करवत चालू होती.

"शेवटाकडे आवाज बदलतोय," त्या म्हणाल्या.

"मला तर एकच ऐकू येतोय."

"तुम्ही बघत राहता, म्हणून. डोळे मिटा. हं... आता. ऐकलंत? पातं एका अंगाला कलतंय. त्याला धरून ठेवणारं काहीतरी ढिलं आहे."

त्या प्रथमच उंबरा ओलांडून आत आल्या. चहा शेगड्यावर ठेवला, यंत्राचा प्लग काढला आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना असलेली छोटी चाकं बोटाने हलवून पाहिली. एक हललं. मास्तरांनी पाना दिला. मास्तरीणबाईंनी आवळलं, पुन्हा हलवलं, पाव फेरा सैल केलं. "एवढंच. जास्त आवळलं तर गरम होईल."

पुढचा तुकडा पडला. मास्तरांनी गुण्या लावून तो खिडकीकडे धरला. नळी आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. त्यांनी गुण्या बायकोच्या हातात दिला. तिनेही पाहिलं. दोघं काही वेळ उगाचच हसत उभे राहिले. चहा निवून गेला होता, तो तसाच प्याले.

त्या दुपारी वॉकरचे चार जोड तयार झाले. माप मास्तरांनी घेतलं, नळी मास्तरीणबाईंनी आवळली. रिव्हेट मेहुण्याकडून मारून घेतले, कारण तिथे जोर लागतो. शिवणवाल्या बाईंनी वॉकर धरला. खांदे खाली, कोपर जरासे वाकलेले, पाठ सरळ. त्या पलंगापासून दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या.

"आता कुठे मापाचा बेतलात," त्या म्हणाल्या. मग जोडांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "शिवण दिसत नाही हो!" मास्तरांना आयुष्यात बऱ्याच शाबासक्या मिळाल्या होत्या, पण ही ते वारंवार सांगत.

पुढे गल्लीत बातमी पसरली. खांदा व्यायामाने बराच सुटा झाला, तरी हातकरवतीला मास्तरांनी परत हात लावला नाही. खोलीत आता दोन खुर्च्या आल्या. मास्तर मापं घेत, खुणा करत, शेवटी बोट फिरवून पाहत. यंत्र मास्तरीणबाईंचं. पातं बोथट होणार असलं की त्या आदल्या दिवशीच सांगत.

एकदा वाचनालयातले निवृत्त ग्रंथपाल आले. साडेसहा फूट उंच, त्यांना बाजारातली कुठलीच काठी पुरत नव्हती. मास्तरांनी त्यांना ताठ उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. मास्तरीणबाईंनी लांब नळी आवळली, करवतीचा हात टेकवला आणि खुर्चीवर येऊन बसल्या. ग्रंथपाल काहीतरी बोलणार होते, पण दोघंही ऐकत बसलेले पाहून तेही गप्प राहिले. मिनिटभराने तुकडा टपकन पडला आणि यंत्र थांबलं.

"मी तीस वर्षं 'शांतता राखा'ची पाटी लावली," ग्रंथपाल म्हणाले, "पण अशी शांतता मला कधी मिळाली नाही."

"आमच्याकडे पाटी नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी पुढे केलेलं रबराचं टोक त्यांनी काठीला बसवायला घेतलं.